बारा कोयत्यांची यादी

ऊसतोडीला परमुलखात गेलेल्या कुणाला काही झालं, तर घरी कळवता यावं म्हणून सरकारला यादी हवी होती. मी तहसिलीत नवा कारकून. पालमजवळच्या एका गावात ट्रक भरत होता.

“बारा कोयते,” मुकादम म्हणाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही त्यांची रीत. मी मोठ्या हुशारीनं बारा नवऱ्यांची नावं लिहून घेतली.

ट्रकमध्ये चढता चढता एक बाई म्हणाली, “आन् मी काय कोयत्याची मूठ हाय का, सायेब?”

मी ओशाळलो. बायकांना विचारून चोवीस नावं पुरी केली.

तहसिलीत मोठ्या साहेबांनी बारा बायकांवर लाल रेघ ओढली आणि मायेनं म्हणाले, “बारा कोयत्यांची चोवीस माणसं? गणित कच्चं दिसतंय तुमचं.”