सारवलेल्या जागेवरच जाणारं पिल्लू

बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कसं झालं ते मलाच सांगायला लागायचं. चहा प्यायले, शेतावर गेले, बांधावर बसले आणि बसलेच. सांगून सांगून पाठ झालं. मग सांगता सांगताच मी समोरच्या माणसाची लकब उचलायला लागलो. एक काका दर वाक्याला "अरारारा" करायचे, ते पण असं की जणू त्यांच्याच हातातली भजी खाली पडली. ते उठून गेले की मी आईला करून दाखवायचो. एरवी ती पदर तोंडाला लावून हसली असती. आता नुसती बघायची. मला पण हसू येत नव्हतं. दुकान उघडं आणि गल्ल्यावर कोणी नाय, तसं माझं तोंड चालू होतं.

तशात मामा लोधिवलीहून टेंपोतनं एक पिल्लू घेऊन आला. त्याच्या गोठ्यात कुत्री व्याली होती, त्यातलं एक. काळं, कान तेवढे तपकिरी.

"ताई, घरात जाग राहील तुमच्या," तो म्हणाला.

"आणि याचं हागणं-मुतणं तुझी बायको काढायला येईल काय रं?"

बाबा गेल्यापासून आई एवढं लांब बोलली नव्हती. मी मामाला म्हटलं, राहू दे.

पोशीरला आमचं घर म्हणजे पुढची खोली लादीची आणि मागं मातीची पडवी. पडवीत बाबांची खाट असायची. खाट आता माळ्यावर टाकलीय, पण आई ती जागा सारवत बसायची. आधी सणाला, अमावास्येला सारवायची. आता मनात आलं की शेजारच्या गोठ्यातनं शेण आणायचं, पाण्यात कालवायचं आणि बसायचं हात फिरवत.

आणि पिल्लू हागायला जायचं ते नेमकं तिथंच. लादीवर नाय, अंगणात नाय. आईनं हात उचलला की हे हजर, ओल्या सारवणावर गोल गोल फिरून मधोमध बसणार. आई ओरडायची, राख टाकून काढायची आणि शुद्ध करायला ती जागा परत सारवायची. की हे परत हजर.

मोबाईलवर एक बाई सांगत होती, पेपर पसरा, त्यावर शी केली की शाबासकी द्या. मी तिच्याच आवाजात पिल्लाला सांगितलं, "गुड बॉय, इकडे करायची हं." त्यानं पेपर खाल्ला आणि पडवीत जाऊन बसलं.

शेवटी आईनं मामाला फोन लावला. "रविवारी ये नि घेऊन जा. मला होत नाय आता."

"कुंभिवलीला ढाब्यावर देतो मग," मामा म्हणाला. "हाडं तरी मिळतील खायला."

मी त्या ढाब्यावरून रोज कामाला जातो. हायवे त्याच्या दारातच हाय. तिथं कुत्री येतात तशी गाडीखाली जातात, ते पण मी रोज बघतो. हे आईला सांगायला पायजे होतं. मी भात कालवत राहिलो. पिल्लू गेलं की घरात परत कोणी कोणाशी बोलणार नाय, एवढंच डोक्यात येत होतं. ते पण दुसऱ्याच्या घराबद्दल असावं तसं.

दुसऱ्या दिवशी शेण मिळालं नाय म्हणून आईनं सारवलं नाय. पिल्लू पडवीत हुंगत फिरलं, मग दाराशी जाऊन कुंई कुंई करायला लागलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. गोठ्यात जन्मलेलं ते. ओलं शेण म्हणजे आपली जायची जागा, एवढंच त्याला ठाऊक. आई जागा शुद्ध करत होती आणि त्याला वाटत होतं, बाई रोज आपला संडास नवा करून देते.

संध्याकाळी गोठ्यात शेण मिळालं तसं मी बादली घेऊन मागं शेवग्याखाली गेलो आणि थोडी जमीन सारवली. पिल्लाला उचलून तिथं ठेवलं. गोल गोल फिरलं आणि बसलं.

आई दारात येऊन बघत होती. मी म्हटलं, "आई, थोडे दिवस पडवी नको सारवू. वास जाऊ दे."

"मग मी करू काय दिवसभर?"

याचं उत्तर कोणाच्या आवाजात द्यायचं ते मला सुचेना. काका चालले नसते, मोबाईलवाली बाई पण नाय. माझा स्वतःचा आवाज काढावा तर तो सापडेना. मी बादली धरून उभा राहिलो.

तिनं पदर खोचला.

"सरक तिकडं. सारवलंय का पोपडे काढलेत?"

आणि ती शेवग्याखाली बसून हात फिरवायला लागली.

रविवारी मामा गोणपाट घेऊन आला. पिल्लू सकाळी बाहेर जाऊन आलं होतं, पण टेंपोचा हॉर्न वाजला तसं घाबरून पडवीतच मुतलं. मामानं बघितलं. "याला काय अक्कल येत नाय ताई," म्हणून त्यानं मानगूट धरून ते गोणपाटात घातलं.

"ठेव खाली," आई म्हणाली.

"तूच बोलावलंस ना गं?"

"बोलावलं. आता ठेव म्हणते. शिकतंय ते. तू शाळेत चड्डीत मुतायचास, तुला कुठं ढाब्यावर दिला?"

मामा माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली, राहू दे. चहा पिऊन तो रिकामं गोणपाट खांद्यावर टाकून गेला. आई राख आणायला आत गेली.

मला बरं वाटायला पायजे होतं. वाटलं पण असंल, मला समजलं नाय. पिल्लू माझ्या पायाचा अंगठा चावत होतं. दात नवे होते, ते मात्र लागत होते. मी पाय काढला नाय.