ओढ्याकाठच्या शाळेचा शेरा

मुलांना चार भिंतींबाहेर नेऊन शिकवावं ही अगदी नवी कल्पना आहे, असं परवा एका कार्यक्रमात एका तरुण अधिकाऱ्याने सांगितलं. पडद्यावर चित्रं दाखवली. झाडाखाली गोल करून बसलेली मुलं, हातात पानं, बिया. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. जुना शिक्षक म्हणून मला हार घातला होता, पण बोलायला दिलं नव्हतं. तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. चाकणहून कुरुळीकडे येताना रस्त्यापासून आत एक वाडी होती. आता तिथे पत्र्याच्या शेड आहेत आणि ट्रकांची रांग असते. तेव्हा ज्वारी, बाजरी, बाभळी, आणि पुढे इंद्रायणीला मिळणारा एक ओढा, एवढंच होतं. त्या वाडीच्या शाळेत मी एकटा मास्तर. सातवीची फायनल पास झालो होतो तो कुणाच्या मेहेरबानीने नाही. वडील लवकर गेले, तेव्हा चाकणच्या जनावरांच्या बाजारात दावी आणि कासरे विकत शिकलो. तिथले दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव करतात. तोंडाने एक बोलतात, बोटं दुसरंच सांगतात. ते बघून मी दोन गोष्टी शिकलो. समोरच्याला काय हवंय ते आधी ओळखायचं, आणि सौदा करताना डोकं तापू द्यायचं नाही. पहिली मला पक्की जमली. दुसरी आजतागायत जमलेली नाही.

शाळा मारुतीच्या देवळात भरायची. चार इयत्ता, एक खोली. पहिलीचं 'अ आ' आणि चौथीची पावकी-निमकी एकाच वेळी चालायची. शनिवारी कुणी तेल वाहायला आलं आणि घंटा वाजवली, की सुट्टी झाली समजून पहिलीची पोरं दप्तरं उचलायची.

शिवाय ती शाळा होती बोलीवरची. दोन वर्षं चालवून बघायची, तपासणीत नीट चालताना दिसली तर कायम करायची, नाही तर नदीपलीकडच्या शाळेला जोडून टाकायची. नदीला पूल नव्हता. चौथीतली थोराड पोरं गेली असती पलीकडे. सहा-सात वर्षांची गेली नसती, आणि मुलगी तर एकही गेली नसती. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

देवळात उजेड नव्हता, म्हणून माझा डोळा ओढ्याकाठच्या चिंचेवर होता. चिंच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. सगळी वाडी त्याला बाबा म्हणायची. मी विचारायला गेलो तेव्हा तो शेतातल्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होता. ज्वारी दाण्यात आली होती आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता.

"बाबा, दुपारनंतर पोरं तुमच्या चिंचेखाली बसवतो," मी म्हणालो.

"का? देवळाला काय धाड भरली?"

"अंधार आहे. पोरांना पाटी दिसत नाही."

"पाटी दिसत न्हाई, पर माज्या चिंचा बराबर दिसतील."

त्याचा आवाज बसला होता. तो ऐकूनच मी ओळखलं, माल कुठला काढायचा.

"घसा गेला वाटतं हाका मारून? मी चाळीस गळे देतो. दुपारपासून पाढे म्हणतील. एक पाखरू बसणार नाही."

म्हातारा माळ्यावरून खाली उतरला. "आन् चिंचा?"

"झाडाला हात लावणार नाहीत. पडलेल्या तेवढ्या उचलतील."

"पडलेल्या बी न्हाई."

"मग पाढे दहापर्यंतच."

तो खोकत खोकत हसला. "मास्तर, तुमी बैलं इकायला पायजे हुता." पडलेल्या चिंचा पोरांच्या आणि पाढे तीसपर्यंत, असं ठरलं. पाखरांचा पुरता बंदोबस्त झाला. बाराचा पाढा सुरू झाला की भोरड्यांचा थवा उठायचा तो पार रस्त्यापलीकडे जाऊन बसायचा. त्या हंगामात माझ्या तिसरीइतके पक्के पाढे तालुक्यात कुणाचे नव्हते, हे मी छातीला हात लावून सांगतो.

ओढ्याच्या ओल्या वाळूत पहिलीची पोरं बोटाने अक्षरं काढायची. पाटी फुटली की घरी मार बसायचा, म्हणून ती पाटीवर भीत भीत लिहायची. वाळू कुणाची फुटत नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' हातभर मोठे काढायची आणि पायाने पुसून पुन्हा काढायची. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते ती पोरांनी शोधली, आणि भोवती काटक्या रोवून गुरांना तिकडून वळवलं. मी सांगितलं नव्हतं.

रोज शेवटी गोष्ट. माझा नियम एकच होता. येताना वाटेत सापडलेली एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. गोष्टीत राजा चालणार नाही. पहिले आठ दिवस सगळे गप्प. राजा नाही म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मग एकाने बैलाच्या पायातून पडलेली नाल आणली, एकाने सापाची कात आणली, आणि तोंडं उघडली ती नंतर मिटवावी लागली.

वाडीतल्या काहींनी नाकं मुरडली. "पोरं ढोरांमागं हिंडत्यातच की, त्याला मास्तर कशाला?" असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचे. मीही त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उत्तर द्यायचो.

आता आमच्या वाडीतल्या एका शब्दाबद्दल सांगतो. मधली सुट्टी झाली की पोरं देवळातून रांगेने ओढ्याकडे निघायची. गोठ्यातून गुरं चरायला सुटतात, स्टँडवरून गाडी सुटते, तशी आमची 'शाळा सुटली' असं वाडीत म्हणू लागले. संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की 'शाळा उठली' म्हणायचे. बायका घड्याळासारखं वापरायच्या ते. "शाळा सुटली, भाकरी घेऊन शेतावर निघ." माझ्याही कानाला ते इतकं सरावलं होतं की त्यात काही वावगं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षाची तपासणी न सांगता आली. पोरं वाळूत होती, माझा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला होता. बाबा बांधावरून धापा टाकत आला.

"मास्तर, दिपोटी आलाय देवळात." शाळा तपासणाऱ्या साहेबाला सगळे दिपोटीच म्हणायचे. "मला इचारलं शाळा कुठाय. म्या म्हनलं, सुटली की मगाशीच. तर त्यो काय बोलंना, खाली बसून लिवायलाच लागला."

दुपारचे अडीच वाजले होते. पोरांना बाबावर सोपवून मी तसाच पळालो.

साहेब देवळाच्या पायरीवर शाळेचं शेरेबुक, म्हणजे तपासणीच्या शेऱ्यांची वही, मांडीवर घेऊन बसले होते. गोरे, टापटीप, कोट घातलेले. सायकल खांबाला टेकवलेली. मी वाकून पाहिलं. 'शाळा वेळेपूर्वी सुटलेली आढळली' एवढं लिहून झालं होतं. शाई अजून ओली होती.

"शाळा चालू आहे साहेब."

"गावकरी म्हणतो सुटली."

"सुटली म्हणजे निघाली! पुण्याची गाडी सुटते म्हणजे ती बंद पडते का?"

हे मी ओरडून म्हणालो. साहेबांनी टोपण पेनाला लावलं. "आवाज खाली करा, मास्तर. नोकरी नवीन दिसते."

"नोकरी नवीन आहे, शाळा त्याहून नवीन आहे. न बघता लिहिणार असाल तर देवळात तरी बसून लिहू नका."

बोलून गेलो आणि तेव्हाच कळलं की बोलायला नको होतं. साहेब उठले, सायकल घेतली. मी पुढचं चाक धरलं. बाजारात गिऱ्हाईक उठून चाललं की काय करायचं ते मला माहीत होतं. आवाज खाली आणला. "साहेब, शेरा तुमचाच. फक्त अर्धा तास द्या. ओढ्यावर चला. पोरं कच्ची निघाली तर तुम्ही सांगाल ते मी माझ्या हाताने लिहून देतो." हे त्यांना पटलं, कारण त्यांना मला वाकवायचं होतं आणि मी वाकायची हमी देत होतो.

ओढ्यावर पोहोचलो तर बाबाने सगळ्यांना रांगेत बसवून ठेवलं होतं. साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला. "शाळा कधी सुटते रे?"

"जेवल्यावर!" चाळीस गळे एकदम म्हणाले. पलीकडची पाखरं उडाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहिलं.

"बरं. सुटल्यावर काय करता?"

"पाढं म्हनतो!" "वाळूत लिवतो!" "गोष्ट सांगतो!"

"मग घरी कधी जाता?"

"शाळा उठल्यावर!"

साहेबांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. पण ते सहज सोडणारे नव्हते. दुसरीतली एक मुलगी मागे बसली होती. देवळात वर्षभर तिने 'हजर'सुद्धा धड म्हटलं नव्हतं. तिच्या मांडीवर सुगरणीचं अर्धवट, वाळलेलं घरटं होतं. साहेबांनी नेमकं तिलाच उभं केलं. "याची गोष्ट सांग."

मी मनात म्हटलं, संपलं. शाळा गेली नदीपलीकडे.

ती घरट्याकडे बघत बोलायला लागली. "पावसाळ्यात नर घर बांधितो. मादी न्हाई बांधत. त्यानं बाभळीवर हे बांधाया घेतलं. निम्मं झालं तवा मादी आली. आत बघितलं. भाईर बघितलं. काय बोलली न्हाई. उडून गेली." मग ती थांबली, साहेबांच्या कोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "दिपोटीवानी."

बाबाने तोंडाला पटका लावला.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"त्यानं हे तसंच सोडलं, आन् दुसऱ्या फांदीवर नवं बांधाया घेतलं. ते तिनं पास केलं."

"हे तुला मास्तरांनी सांगितलं?"

"न्हाई. म्या बघितलं."

साहेब घरटं हातात घेऊन बराच वेळ उलटंपालटं करत राहिले. नंतर त्यांनी कुणाला पाढे विचारले नाहीत. चिंचेच्या मुळीवर बसून शेरेबुक उघडलं, आणि तिथे आमचा खरा सौदा सुरू झाला.

"'शाळा देवळाबाहेर आढळली' असं करतो," ते म्हणाले.

"बाहेर म्हणजे काय साहेब, बाहेर गुरंही असतात. 'चालू' लिहा."

"चालू लिहिलं तर मघाशी तुम्ही जे बोललात त्याचं काय? तेही मी ऐकलंय."

त्यांना काय हवंय ते मला कळलं. "ते लिहा," मी म्हणालो. "माझं जे वाटेल ते लिहा. शाळेचं 'चालू' लिहा."

त्यांनी पहिली ओळ खोडली. शाळेच्या शेरेबुकात त्यांच्या हातचा शेरा आजही आहे. 'शाळा ओढ्याकाठी चालू आढळली. मुले धीट व चौकस आहेत. शिक्षक ऊर्मट आहे.'

शाळा कायम झाली. पुढे बाबाने चिंचेजवळची जागा शाळेला दिली, तिथे दोन खोल्या झाल्या. चौथीपर्यंत तरी नदीपलीकडे कुणाला जावं लागलं नाही. ती सुगरणीवाली मुलगी सातवीपर्यंत शिकली. वाडीतली पहिली.

माझं म्हणाल तर शिक्षकाबद्दलचा तो एक शब्द माझ्या आधी प्रत्येक नव्या शाळेत पोहोचायचा. मुख्याध्यापकाची जागा दोनदा माझ्या पुढून गेली. तेही मी गिळलं. पण तपासणीनंतर दोन वर्षांनी तालुक्याच्या शिक्षकसभेत त्याच साहेबांनी आमच्या ओढ्याची हकीकत सांगितली, आणि तीही 'आमच्या सूचनेवरून हा प्रयोग केला' असं म्हणून. पोरांना टाळ्या मिळाल्या, साहेबांना मिळाल्या. मी उठून उभा राहिलो होतो. शेजारच्याने सदरा ओढून मला खाली बसवलं. बसायला नको होतं.

परवाच्या कार्यक्रमानंतर मी वाट वाकडी करून त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकेने कपाटातून शेरेबुक काढून दिलं. पानं पिवळी पडली आहेत, पण खोडलेली ओळ खोडलेलीच आहे आणि 'चालू' ठसठशीत आहे. एका अपमानात आख्खी शाळा मिळवली मी. चाकणच्या बाजारात एवढा चांगला सौदा कुणाला जमल्याचं मला आठवत नाही.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र पुन्हा खुपली. उर्मट शब्दातला 'उ' ऱ्हस्व असतो. साहेबांनी दीर्घ लिहिला आहे. मी बाईंकडे लाल पेन मागितलं. त्या हसल्या, पण दिलं नाही.