एकावन्न क्रमांकाचे दोन धनी

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही, असे मी ठरवले होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजाऱ्याने तो निश्चय मोडला. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या नव्या जॅकार्ड मागाला संगणकावरून पाठवलेली नक्षी कधी अर्धवट मिळे, कधी मुळीच मिळत नसे. मागाचा नियंत्रक काढून दुरुस्तीला पाठवा, असे विक्रेत्याने सांगितले होते. तो गेला असता तर माग महिनाभर थांबला असता आणि त्याच संध्याकाळी रवाना व्हायची मागणी हातची गेली असती.

"नियंत्रकाला हात लावू नका. आधी मला पाहू द्या," मी म्हणालो.

विणकर हाताची घडी घालून उभा होता. "बघा की काका. परवापासून समदे नुसतं बघूनच चाललेत."

मी मागाला नक्षी पाठवणाऱ्या संगणकासमोर बसलो.

केबलींनी संगणकाला जोडलेल्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राच्या दोन ओळखी असतात. एक आपण दिलेला क्रमांक. दुसरा, यंत्र बनतानाच त्याला मिळालेला हार्डवेअर पत्ता. कोणत्या क्रमांकामागे कोणता पत्ता, याचा तक्ता संगणक स्वतः ठेवतो. मागाचा क्रमांक एकावन्न होता. तक्त्यात एकावन्नसमोर एक पत्ता दिसला. काही वेळाने पाहिले, तर तिथे दुसराच. मी मागाची केबल काढली. संगणकावरून हाक मारली, तर एकावन्न तरीही उत्तर देत राहिला.

"अय्यो! माग बंद हाय, मग बोलतंय कोण?" विणकर पुढे सरकला.

दारात हजेरीचे नवे यंत्र होते. परवाच बसवलेले. त्याची केबल काढताच एकावन्न गप्प झाला.

मालक खाकरला. "मीच एकावन्न द्यायला सांगितलं. शुभ असतंय की, काका."

"आणि मागाला?"

"त्यालाही. प्रिंटरला एकवीस, कॅमेऱ्याला एकशे एक."

"हजेरीत एका नावाला दोघे 'हजर' म्हणाले, तर तुम्ही काय कराल?"

"दोघांनाही हाकलीन." मग घाईने, "पण बावन्न नको हां. ते बरं दिसत नाही."

मी हजेरीच्या यंत्राला एकशे आठ दिला. मालकाचा चेहरा उजळला. मग संगणकाच्या तक्त्यातील जुन्या नोंदी पुसल्या आणि एकावन्न क्रमांक मागाच्याच हार्डवेअर पत्त्याशी कायमचा बांधून टाकला. आता दुसरे कोणी कितीही ओरडले, तरी संगणक ऐकणार नव्हता. दोन्ही केबली पुन्हा जोडल्या आणि नक्षी पाठवली.

ती पूर्ण पोहोचली. माग सुरू झाला. पहिल्या पट्टीवर कमळाची पाकळी उमटली, तेव्हा विणकराने इतक्या मोठ्याने शिट्टी मारली की शेजारचे मागवालेही धावत आले. नियंत्रक जागेवरच राहिला. विक्रेत्याला तसे कळवा, असे मी मालकाला दोनदा बजावले.

दिवेलागणीला माल भरून ट्रक गेला. मालकाने पेढे मागवले. मी तीन खाल्ले. मधुमेहाची गोष्ट तिथे काढली नाही, आणि पेढ्यांची घरी.