राणीच्या पायाशी बसवलेला बाप

राणीचं चित्र आम्हीच काढलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारी सगळं दुसऱ्याच्या माथी मारते. कापड आमचं, रंग आमचे, हात आमच्या ह्यांचा, आणि डोळे मी लिहिलेले.

ठाण्यात उथळसरला आमचं घर. हे गणपती करायचे, गौरीचे मुखवटे करायचे. माती मळण्यापासून रंग देण्यापर्यंत सगळं ह्यांचं, पण डोळे माझे. ह्यांच्या उजव्या हाताला कंप होता, बारीक रेघ ओढायची म्हटली की कुंचला थरथरायचा. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सासऱ्यांनी तो कुंचला माझ्या हातात दिला. डोळे सगळ्यात शेवटी लिहायचे, सकाळी आंघोळ करून, पूर्वेकडे तोंड करून, तोंडातून अवाक्षर न काढता. आणि एकदा लिहिले की ते पुसायचे नाहीत. रेघ वाकडी गेली तरी तशीच राहू द्यायची. डोळे उघडलेल्याला पुसणं म्हणजे जीव घेणं, असं सासरे सांगायचे, आणि मी ते मानत आले होते.

माझा बाप कळव्याच्या अंगाला खाडीवर मीठ पिकवायचा. आगर लहानसंच, पण त्याच्या आजापासूनचं. उन्हात मिठाकडे बघून बघून त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. एक दिवस सरकारचा हुकूम आला की लहान आगरं बंद. का, तर त्यांच्यावर पहारा ठेवणं सरकारला परवडत नाही. आता बंद म्हणजे काय? बांध होता तिथेच होता, भरतीचं पाणी यायचं तसं येत होतं आणि ऊन काही सरकारचा हुकूम वाचून पडत नाही. मीठ आपोआप धरायचंच. त्यातलं पाटीभर मीठ बापाने मासळी खारवायला खरवडून आणलं आणि चौकीच्या शिपायांनी त्याला बांधावरच धरलं. स्वतःच्या बांधावर. चोर म्हणून. तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि खाडीकाठच्या किल्ल्यातल्या तुरुंगात त्याला टाकलं. माझ्या घरापासून चालत गेलं तर तो तुरुंग पाव तासावर, पण भेटायची सोय नाही.

त्याच महिन्यात कचेरीतले शिरस्तेदार आमच्या दारात आले. राणीच्या राज्याची पन्नास वर्षं भरत होती, गावात मोठा सोहळा व्हायचा होता. त्यांच्या हातात राणीची तळहाताएवढी छापील तसबीर होती. म्हणाले, "हे पाहा, ही कापडावर पुरुषभर उंच करायची. राणीसाहेब उभ्या, पायाशी रयत बसलेली, आणि राणीसाहेब आपल्या हाताने रयतेला मीठ देताहेत."

"मीठ?" ह्यांनी विचारलं.

"मीठच. बघणाऱ्याला कळलं पाहिजे आपण कोणाचं खातो ते. आणि माणसं हाडकुळी काढू नकोस. चेहरे हसरे हवेत, अंगावर धडके कपडे हवेत."

मी आतून ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन शिपाई पाठवून बापाच्या हातातली पाटी काढून घेता आणि वर चित्रात ह्या बाईच्या हातून मीठ वाटता? पण शिरस्तेदार उठता उठता हळूच म्हणाले, "तुझा सासरा आत आहे ना? सोहळ्याच्या दिवशी काही कैदी सोडायचेत. यादी माझ्याच हातून साहेबांकडे जाते. चित्र मनासारखं होऊ दे, मग बघू."

झालं. माझा राग मी चुलीत घातला आणि रंग घोटायला बसले.

कापडाला सरस-खडूचा हात दिला, वाळवलं, घोटून गुळगुळीत केलं. ह्यांनी राणी काढायला घेतली. तसबिरीतली बाई जाडजूड, गाल ओघळलेले, तोंड आंबट. पण ह्यांच्या हाताला पंचवीस वर्षं गौरीचं तोंड काढायची सवय. कितीही तसबिरीकडे बघून काढलं तरी हनुवटी गौरीची झाली, ओठ गौरीचे झाले, आणि देणारा हात तर सरळ गणपतीच्या आशीर्वादाचाच उतरला. हे घाबरले. शिरस्तेदार बघायला आले ते मात्र खूश. म्हणाले, "वा, हेच तर हवं होतं. लोक आपोआप हात जोडतील." तो माणूस हुशार होता. आमच्या हाताची सवय त्याने आमच्याच लोकांवर वापरली, आणि आम्ही बावळटासारखे त्याचं कौतुक ऐकत उभे राहिलो.

चित्र पुरं झालं, डोळे तेवढे राहिले. ठरल्या सकाळी आंघोळ करून मी कुंचला घेऊन बसले. आधी राणीचे लिहिले. गौरीच्या तोंडावर गौरीचेच डोळे शोभतात, तसेच मोठे, लांबट लिहिले. मग खाली बसलेल्या माणसांकडे वळले आणि हात थांबला. सगळ्यात पुढे, गुडघे टेकून, ओंजळ पुढे करून बसलेला मिठागरवाला म्हणजे माझा बाप. तेच कपाळ, तीच नाकाच्या शेंड्यावरची चामखीळ. अंगावर मात्र कोरा सदरा, गाल भरलेले, आणि तोंडभर हसू.

डोळे लिहिताना बोलायचं नाही. मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. हे पुटपुटले, "साहेबाच्या नजरेत चेहरा राहील. म्हणेल, हाच तो म्हातारा, सोडा त्याला." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मलाही त्या घटकेला ते पटलं, हेच माझं मला आजवर सहन होत नाही. मी बापाचे डोळे लिहिले. उजवा स्वच्छ, डाव्यात फूल. साहेबाला ओळख पटावी म्हणून ते फूल मी अगदी मन लावून लिहिलं.

सोहळ्याच्या दिवशी चित्र पालखीत घातलं. पुढे वाजंत्री, मागे वकील, सावकार, शाळा. टेंभी नाक्यावरून तलावाला वळसा घालून पालखी कचेरीसमोर आली. वाटेत बायका पुढे येऊन हळदकुंकू लावत होत्या. एकीने तर राणीपुढे पोर घातलं. ज्या बाईला ठाणं पृथ्वीवर कुठे आहे ते ठाऊक नाही, तिच्यापुढे आमच्या बाया पदर पसरत होत्या, कारण तिचं तोंड आम्ही गौरीचं केलं होतं. ह्या बाईने आमचं काय भलं केलं गं, असं एकेकीला गदगदा हलवून विचारावंसं वाटत होतं. पण माझा बाप सुटायचा होता. मी तोंड शिवून उभी राहिले.

सुटणाऱ्या कैद्यांना रांगेत आणलं. बाप पाचवा होता. दीड महिन्यात निम्मा झालेला, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. त्याला बघून मी रडले, आणि त्या घटकेला, खोटं कशाला बोलू, मी शिरस्तेदारांना मनातल्या मनात दुवाही दिला. एकेका कैद्याचं नाव घ्यायचे. त्याने पुढे व्हायचं, चित्रासमोर गुडघे टेकायचे, खालच्या परातीतलं चिमूटभर मीठ तोंडात घालायचं आणि मोकळं व्हायचं. चौघांनी केलं.

बाप पुढे आला. त्याने राणीकडे बघितलं. मग खाली बघितलं, आणि तो तिथेच खिळला. आपल्याच तोंडाकडे बघत राहिला. गर्दीत कोणी तरी हसून म्हणालं, "अरे, हा तर ह्याचाच मुखडा." शिरस्तेदारांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं असणार, आता चित्रात आहे तसंच समोर घडेल, साहेब काय खूश होईल.

बापाने मान वळवून गर्दीत मला शोधलं. डोळे कोणी लिहिले ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"बाय," तो म्हणाला, अगदी हळू, घरात बोलावं तसा, "मी गुडगं कवा टेकलं गो?"

शिपायाने त्याच्या खांद्यावर दाब दिला. तो बसला नाही. परातीतलं मीठही त्याने उचललं नाही. "मना उरलेलं दिस भरूं दे," एवढं म्हणाला आणि आला होता तसा उलटा वळून शिपायांच्या पुढे चालू लागला. वाजंत्री वाजवणाऱ्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तो सुटून आला तेव्हा छातीत खोकला घेऊनच आला. त्यानंतर वर्षभर जगला. माझ्या घरी यायचा, ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा. मला कधी टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आत, जिथे आम्ही रंग घोटायचो तिथे, त्याने परत पाऊल टाकलं नाही.

चित्र कचेरीत साहेबाच्या पाठीमागे टांगलेलं राहिलं. सारा कमी करा म्हणून लोक अर्ज घेऊन यायचे, तर म्हणे त्यांना ते दाखवायचे, की बघा हा म्हातारा कसा हसतोय. बाप गेला त्यानंतरही तो तिथे गुडघ्यावर बसून हसतच होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी कचेरीची कौलं गळली आणि राणीच्या झग्यावर डाग पडला. नवे शिरस्तेदार आले होते, त्यांनी दुरुस्तीला चित्र आमच्याकडे पाठवलं. हे तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, पूर्वेकडे तोंड करून बसले. रंग डिंकातले, वर रोगण नव्हतं, ओल्या फडक्याला निघणारे. आधी बापाचा डावा डोळा पुसला, मग उजवा. मग ते हसू. सासऱ्यांचं सांगणं आठवलं, तरी पुसत राहिले. गुडघे सगळ्यात शेवटी पुसले, घासून घासून. तिथे कोरी जमीन रंगवली. राणीच्या झग्यावरचा डाग नीट झाकला, कचेरीचं काम होतं ना. तिचा हात मात्र पुढे केलेला तसाच ठेवला, समोर घ्यायला कोणी नाही.

शिरस्तेदारांनी चित्र उलटसुलट करून बघितलं. झगा छान झालाय म्हणाले, आणि भिंतीवर टांगायला घेऊन गेले. म्हातारा कुठे गेला, हे त्यांनी विचारलं नाही. आजवर कोणीच विचारलेलं नाही.