कोटाच्या खांद्यावरचा कच्चा टाका

शिंपीमास्तरांची नजर अधू झाली, आता त्यांनी दुकान बंद करावं, हे गोडीगुलाबीने पटवायला लेकीने त्यांना एका जुन्या शहराच्या सहलीला आणलं होतं. दिवसभर राजवाडे पाहून मास्तरांच्या पायांनी संप पुकारला, तेव्हा आईबापांना घेऊन ती गाण्याबजावण्याला वाहिलेल्या एका अमेरिकन हॉटेलात शिरली. भिंतीभर गिटारी, उजेड निळा आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं. मास्तरांना आपण टेबलासकट तरंगतोय असं वाटू लागलं. टेबलाला खेटूनच काचेच्या कपाटात एका गायकाचा जांभळा मखमली कोट होता. तोही त्यांच्याबरोबर तरंगत होता.

"याच कोटात ते शेवटचं गायले," वेटर अभिमानाने म्हणाला.

"छे हो, हा कोणी घातलेलाच नाही," मास्तर झोपेत बोलल्यासारखे म्हणाले. "खांद्याला कच्चा टाका तसाच आहे. ट्रायल झाली की तो उसवतात."

"मघाशी मेनूकार्ड उलटं धरलं होतंत," बायको म्हणाली, "आणि दोरा बरा दिसतो!"

लेक उठली. काचेला नाक लावून तिने बराच वेळ शोधलं, आणि मग हळूच म्हणाली, "आहे."

मास्तरांचं लक्षच नव्हतं. कुठेतरी गळ्यात टेप अडकवून एक शिंपी अजून त्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला त्यांना दिसत होता.

लेकीने बर्गर कापून त्यांच्यापुढे सरकवला.

"बाबा, दुकानात निदान दिवा तरी मोठा लावा."