सिंहासमोर सव्वा तास

माझ्या आईला सिंहासमोर सव्वा तास कोंडून ठेवायचा माझा अजिबात विचार नव्हता. मला तिला फक्त दहा मिनिटं सिंह दाखवायचा होता. वरचा एक तास पाच मिनिटं आमच्या गाडीने स्वतःच्या मनाने घातली.

या सगळ्याचं मूळ आफ्रिकेत आहे. आमचे बाबा पुण्यातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. खडू न उचलता ते फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढत आणि शेवटी बाजूला टिकली लावावी तसं मादागास्कर टेकवत. पण स्वतः आफ्रिका कधी पाहिली नव्हती. यंदा वसंतात ते आणि आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जपानला, त्सुकुबात आले. तेव्हा मी आणि माझी बायको मृणाल, आम्ही ठरवलं की जुलैत सगळ्यांनी मिळून सफारीला जायचं. साधीसुधी सफारी नाही. टांझानियाच्या दक्षिणेला, जिथे पर्यटक फारसे फिरकत नाहीत अशा अभयारण्यात, फक्त सहा तंबूंचा आलिशान कॅम्प. तंबूत बाथटब, नदीकाठी जेवण आणि तिथे पोचायला मोजक्या माणसांचं चिमुकलं विमान. बाबांना सांगितलं तेव्हा ते उठले. गॅलरीत गेले आणि बराच वेळ आमच्या शेजाऱ्यांच्या सायकलींकडे बघत उभे राहिले.

मग कॅम्पवाल्यांची सूचनापुस्तिका आली. मला सूचना वाचायला आवडतात (मृणालच्या मते मला तेवढंच आवडतं). मी ती रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचली. बॅगा मऊ हव्यात आणि माणशी पंधरा किलोच्या आत. कपडे मातकट रंगाचे; काळे-निळे नकोत, त्यावर चावऱ्या माश्या येतात. जनावराजवळ पोचलं की इंजिन बंद, बोलणं बंद, हालचाल बंद. आणि गाडीला छत असतं, पण दारं-खिडक्या नसतात. हे शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं.

"म्हणजे सिंह आला तर?" आईने विचारलं.

"तो आपल्याकडे बघतसुद्धा नाही, आई."

"तो कुठे बघतो ते तुला काय माहीत?"

आईने जाहीर केलं की तुम्ही खुशाल जा, मी इथेच राहते. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते मला आता पाठ झालंय. बाबा म्हणाले, मग मीही नाही जात. त्यांनी ते रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी सहज म्हणाले आणि उठून स्वतःची वाटी विसळायला गेले. कॅम्पवाल्यांना सगळ्यांच्या पासपोर्टची माहिती सोमवारपर्यंत हवी होती, आणि तो दिवस होता शुक्रवार.

त्या रात्री मला ती कल्पना सुचली. आमच्याकडून गाडीने दोनेक तासांवर एक सफारी पार्क आहे. तिथे आपली गाडी आपणच जनावरांमधून चालवायची, काचा बंद करून. आईला आधी बंद गाडीतून सिंह दाखवायचा. तिची भीती मोडली की सोमवारी पासपोर्ट. मी याला रंगीत तालीम म्हणालो. मृणाल म्हणाली, "नुसतं 'फिरायला जाऊ' म्हण ना. तालीम कशाला?" तिचं ऐकलं असतं तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

शनिवारी सकाळी मी सगळ्यांना मातकट कपडे घालायला लावले. आमची दहा वर्षांची इरा इथेच जन्मली आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जपानीत देते. स्वतःच्या खाकी शर्टाकडे आणि मग आमच्या चौघांकडे बघून ती म्हणाली, "हाझुकाशी." म्हणजे लाज वाटते. हा शब्द ती त्या दिवशी किती वेळा म्हणाली ते मी नंतर मोजायचं सोडून दिलं. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, ताक होतं, काकडी होती. ते गार राहावं म्हणून मी गाडीच्या सॉकेटला लावायची शीतपेटी घेतली.

पार्कच्या दारात पत्रक मिळालं. काचा उघडू नका, उतरू नका, गाडी बंद पडली तर हॉर्न वाजवून आतच थांबा. इराने ते वाचलं आणि मी मराठीत सांगितलं, तेव्हा आईने पाठीमागून माझ्या मानेकडे बघितलेलं मला मानेलाच कळलं.

सुरुवात छान झाली. जिराफ आईला आवडला. एवढ्या लांब पापण्या माणसाला असत्या तर काय शोभल्या असत्या, असं ती म्हणाली. मला वाटलं, जिंकलं. मग मोठी दुहेरी दारं आली आणि आम्ही सिंहांच्या भागात शिरलो. एका वळणावर, जिथे रस्ता एकाच गाडीपुरता होतो, तिथे झाडाखाली एक भला मोठा आयाळवाला सिंह पसरला होता. आमच्यापासून दोन हातांवर नसेल, पण चार-पाच हातांवर नक्की. मी गाडी थांबवली. आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे इंजिन बंद केलं.

"इंजिन कशाला बंद करतोस?" मृणाल म्हणाली.

"तिथे करतात."

"तिथे करू देत की."

मी तोंडावर बोट ठेवलं. बोलणं बंद, हालचाल बंद. उकडत होतं म्हणून पंखा मात्र चालू ठेवला. शीतपेटी चालू होती, इराचा मागचा स्क्रीन चालू होता, तीन मोबाइल चार्जिंगला होते. आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. बाबा कुजबुजत्या आवाजात गवताळ प्रदेशाची माहिती देत होते. अशी दहा मिनिटं गेली. मग तालीम यशस्वी झाली असं समजून मी बटण दाबलं.

गाडी म्हणाली, "टक."

पुन्हा दाबलं. "टक टक टक." पुढ्यातले दिवे एकदा लुकलुकले आणि विझत गेले.

"काय झालं?" मृणालने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. बारा वर्षांच्या संसारात तिला या 'काही नाही'चा अर्थ नीट कळायला लागला आहे. तिने डोळे मिटले. आता गाडीत दोघींचे डोळे मिटलेले होते.

मी हॉर्न दाबला. शेळी खोकावी तसा एक आवाज आला. दुसऱ्यांदा दाबला तर तेवढाही नाही. सिंहाने एक कान हलवला.

आमच्या मागे गाड्यांची रांग लागायला लागली. पुण्यात एव्हाना कोणीतरी हॉर्न वाजवून, काच खाली करून माझ्या अकलेची चौकशी केली असती. त्या चौकशीसाठी मी इतका आसुसलो कधीच नव्हतो. इथे एकानेही हॉर्न वाजवला नाही. सगळे शांतपणे थांबले. कोणाला तरी कळावं म्हणून मी उरल्यासुरल्या जिवावर धोक्याचे दिवे लावले. ते दोनदा क्षीण लुकलुकले आणि गेले. आता जपानमध्ये, वाट दिल्याबद्दल मागच्या गाडीचे आभार मानायचे तर हेच दिवे दोनदा लुकलुकवतात. मागच्या गाडीतल्या बाईंनी मला वाकून नमस्कार केला. शेजारी त्यांचे यजमानही वाकले. मग मीही आरशात बघून वाकलो. दुसरं काय करणार?

तेवढ्यात बाबा डावीकडे हात करून इराला बाभळीसारखं दिसणारं एक झुडूप दाखवायला लागले. मागच्यांना वाटलं, तिथे काहीतरी दुर्मीळ आहे. म्हणूनच ही खाकीवाली मंडळी एवढा वेळ थांबली आहेत. पाठोपाठच्या सगळ्या गाड्यांमधून कॅमेरे निघाले आणि त्या झुडपाचे फोटो सुरू झाले.

पंखा बंद पडल्यामुळे गाडीत भट्टी पेटली होती. काचा उघडायला बंदी होती, आणि बंदी नसती तरी त्या उघडल्या नसत्या. आईने डोळे उघडले.

"सुहास, आपण अडकलोय का?"

"हो, आई."

"मग उतरून ढकलायची नाही ना कोणी?"

"नाही."

दाराच्या कडीवर ठेवलेला हात बाबांनी हळूच मागे घेतला.

पत्रकावर फोन नंबर होता. माझं जपानी ऑफिसातल्या बैठकांमध्ये तयार झालेलं आहे. 'काम लांबलं आहे, क्षमस्व' हे मी फार अदबीने सांगू शकतो. 'वाचवा' हे सांगायची वेळ कधी आली नव्हती. फोनवर मी जे बोललो त्याचा अर्थ साधारण असा झाला, की सिंहांच्या विभागात आमच्याकडून थोडा विलंब होत आहे, तरी सांभाळून घ्यावं. पलीकडच्या बाईंनी कळवल्याबद्दल आभार मानले, सावकाश आनंद घ्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इराने माझ्या हातातून फोन घेतला, पुन्हा लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग त्या दिवसातलं पहिलं मराठी वाक्य माझ्याकडे न बघता बोलली. "येतात ते. पण आधी पुढच्या वाघांना आत घालावं लागेल. वेळ लागेल."

तो वेळ मी जन्मात विसरणार नाही. मृणालने पुऱ्या वाटल्या. मला सगळ्यात शेवटी, आणि मोडलेली. आई माझ्यावर जी सुरू झाली ती थांबेना. शाळेत असताना मी नवा रेडिओ उघडून बसलो होतो तिथपासून तिने सुरुवात केली. इंजिन बंद कर असं सिंहाने सांगितलं होतं का, असंही विचारलं. मी मुकाट्याने पुरी चघळत होतो. पण एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. आईला एका वेळी एकाच संकटाची काळजी करता येते, आणि त्या जागेवरून मी सिंहाला हटवलं होतं. बोलता बोलता ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. एवढ्यात एक सिंहीण सावकाश चालत आली. तो आयाळवाला उठला, चार पावलं उन्हात सरकला, आणि सावलीची जागा तिला मिळाली.

आई बोलायची थांबली.

"बघितलंत?" ती बाबांना म्हणाली. "बाई आली तर जागा दिली त्याने. वळण आहे." आणि बाबांना थोडं सरकायला सांगून तिने खिडकीजवळची जागा घेतली.

शेवटी झेब्राच्या पट्ट्यांचे दोन ट्रक आले. एक आमच्या आणि सिंहांच्या मध्ये उभा राहिला. दुसऱ्यात मोरी-सान नावाचे साठीचे गृहस्थ होते. त्यांनी भोंग्यावरून आधी आमची माफी मागितली, मग मागच्या सगळ्या गाड्यांची. त्या गाड्या एकामागोमाग एक शिस्तीत मागे सरकल्या आणि मोरी-सानांनी त्यांच्या ट्रकचं नाक आमच्या बंपरला टेकवलं. मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. मागून ते ढकलणार आणि मी स्टिअरिंग धरणार. ते स्टिअरिंग त्या दिवशी जात्यासारखं जड झालं होतं.

बहुधा मोरी-सान एरवी पर्यटकांना माहिती द्यायचंही काम करत असावेत. ढकलता ढकलता त्यांना राहवेना. भोंग्यावरून सूचना येत होत्या आणि इरा त्या आम्हाला मराठीत सांगत होती. थोडं उजवीकडे. आता सरळ. डाव्या बाजूला अस्वल, वय बारा, मध फार आवडतो. पुन्हा उजवीकडे. बाबा खूश होऊन इराकरवी प्रश्न विचारायला लागले आणि त्यांची उत्तरं द्यायला मोरी-सान वेग आणखी कमी करायला लागले. घामाने माझा मातकट शर्ट खरोखरच चिखलाच्या रंगाचा झाला. मागची रांग आमच्यामागून मिरवणुकीसारखी येत होती. इरा खाली वाकून सीटच्या आड लपली आणि तिथून भाषांतर करत राहिली.

बाहेर पोचल्यावर मोरी-सानांनी वायर जोडली आणि गाडी एका सेकंदात सुरू झाली. ती इतक्या निरागसपणे सुरू झाली की मला तिला लाथ मारावीशी वाटली. आई बाकावर बसून यंत्रातून काढलेला डबाबंद गार चहा पीत होती. तिने मला जवळ बोलावलं.

"तिकडे आफ्रिकेत गाडी कोण चालवतं?"

"तिथलाच माणूस असतो. त्याला सवय असते."

"तू नाही ना?"

"नाही."

"इंजिन कधी बंद करायचं तेही तोच ठरवतो?"

"तोच."

"मग माझा पासपोर्ट घे," ती म्हणाली. "दारं नसली तरी चालतील. निदान हवा तरी येईल."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या हातातला रिकामा डबा घेऊन डब्यांच्या वेगळ्या टोपलीत टाकून आले. मला एकदम मोकळं वाटलं. झाला तेवढा अपमान पुरे, वसूल झाला सगळा, असं मनात आलं. त्याच वेळी मोरी-सान अहवालाचा कागद घेऊन आले.

नाव, पत्ता, गाडीचा नंबर. बिघाडाचं कारण: बॅटरी उतरली. ते फार हळुवारपणे म्हणाले की असं कोणाचंही होऊ शकतं. साध्या माणसाला बॅटरीचं कुठलं कळतं? गॅरेजवाल्याने मागच्या तपासणीत ती बदलायला सांगितली होती आणि मी त्याला 'मला नका शिकवू' या अर्थाचं काहीतरी अदबशीर बोललो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी नुसती मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, व्यवसाय?

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. मुलाचा अभिमान त्यांच्या छातीत मावत नव्हता. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून ते इंग्रजीत म्हणाले, "माय सन. सायंटिस्ट. पीएचडी इन बॅटरी."

मोरी-सानांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि फार मोठ्या मनाने त्या रकान्यात लिहिलं, 'नोकरी'.