भाऊजींचा कायदा आणि भागाबाईचा सरवा

माघ वद्य चतुर्थी. शेवटची वेचणी काल आटोपली. आज सकाळपासून अंगणात बसून कापसातला पालापाचोळा निवडते आहे आणि मध्येमध्ये हात पुसून हे लिहिते आहे. माझे धाकटे दीर, महादेवभाऊजी, अकोल्याला तापानं गेले त्याला काही आठवडे झाले. तिकडे कापूस टाकून परतणाऱ्या गाडीवानानं दारात बैल न सोडताच सांगितलं. मी मिरच्या वाळत घालत होते. राहिलेल्या मिरच्या पसरून मगच मी आत गेले, कारण ह्यांना कसं सांगायचं ते ठरवायला तेवढा वेळ हवा होता... वकिलीची परीक्षा तोंडावर आली होती. आता त्यांच्यासोबत शिकणाऱ्या मुलांनी निरोप पाठवला आहे, घरी ते कसे होते ते लिहून पाठवा. लिहायला मला भाऊजींनीच शिकवलं. तेव्हा टाळता येत नाही.

आम्ही माळी. अमरावतीबाहेर आमचा मळा आहे. कापसाला सोन्याचे दिवस आले तशी ह्यांनी वांगी उपटून तिथेही कापूस लावला. घरोघरी तेच चाललं होतं. त्यात भाऊजी म्हणाले, मी अकोल्याला वकिलाकडे राहून कायदा शिकतो. हे म्हणाले, "सारी दुनिया कापसामागे धावून राहिली अन् तू कागद चघळायले जातो?" पण जाऊ दिलं. सुटीत घरी आले की भाऊजी कलमं पाठ करत आणि चुका पकडायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली. एका हातात उलथनं, एका हातात त्यांचं पुस्तक. कलमं त्यांना लवकर यायची. अडायचे ते मुळाशी. हक म्हणजे काय? तो येतो कुठून? एकदा मला विचारलं, "वहिनी, आपली कोंबडी शेजारच्या अंगणात अंडं घालून आली, तर अंडं कोणाचं?" मी म्हटलं, "जिनं आधी पाहिलं तिचं." ते इतके हसले की ठसका लागला. "वहिनी, तुमी तर अख्खं कब्ज्याचं प्रकरण एका अंड्यात उरकलं!"

मागल्या वर्षीची गोष्ट मात्र हसण्याची नव्हती. शेवटची वेचणी झाली की झाडावर राहिलेली, खाली गळालेली बोंडं गरीब बायांनी वेचून न्यायची, त्याला सरवा म्हणतात. आमच्या शेतात भागाबाई आणि तिच्या सोबतिणी नेत आल्या होत्या, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून. पण भाव असा चढला की गळालेलं बोंडही डोळ्यांत भरायला लागलं. ह्यांनी सांगितलं, यंदा सरवा बंद. भागाबाई तरी शिरली. ओटीत कापूस घेऊन निघताना ह्यांनी तिला धरलं, आमच्या ओसरीवर आणून बसवलं आणि म्हणाले, उद्या चावडीवर नेतो, चोरी म्हणजे चोरी. म्हातारी चोर ठरली असती तर पुन्हा कोणाच्या शेतात तिला कामाला घेतलं नसतं.

भाऊजी तेव्हा घरी होते. त्यांनी तिच्यापुढे उकिडवं बसून विचारलं, "भागाबाई, दरसाल शेतात शिरताना काय करत होत्या?"

"काय करतो बापा? बांधावरून मालकाले हाक मारायची, सरवा नेऊ का म्हणून. तुये आबा म्हणत, ने."

आबा म्हणजे माझे कैलासवासी सासरे. भाऊजींचा चेहराच उतरला. चुलीपाशी येऊन मला म्हणाले, "वहिनी, खटला बुडाला. मागून घेतलं ती मेहरबानी. तो हक नाही. मेहरबानी दादांना वाटेल तेव्हा बंद करता येते."

"म्हणजे म्हातारी बोलायला गोड म्हणून चोर?"

"पुस्तक तसंच म्हणते."

"मग पुस्तक ठेवा अन् जेवा."

जेवले नाहीत. ताट पुढ्यात, भाकरी तशीच... तेवढ्यात शेजारची ठकूकाकू गोवरीचा तुकडा घेऊन आली. "विस्तव नेऊ का वं?" म्हणत माझ्या उत्तराआधीच निखारा उचलून दारापाशी पोचलीसुद्धा. भाऊजी ताटावरून उठले. "काकू, तुमाले कोणी कधी विस्तव नाही म्हटलं?"

"विस्तवाले कोणी नाही म्हणते काय? जास्त शिकून येडा झाला का रे पोरा?"

तसेच ते ओसरीवर गेले. मी मागोमाग. म्हणाले, "भागाबाई, सरव्याले कोणी कधी नाही म्हटलं?" म्हातारीनं खूप आठवून पाहिलं. "माह्या सासूलेबी नाही म्हटलं नव्हतं कोणी." मग भाऊजी ह्यांच्याकडे वळले. आवाज अजिबात चढवला नाही. "दादा, जे कधी नाकारलंच जात नाही, ते मागणं नुसतं रीतीचं. माणसं चांगली म्हणून विचारतात, पण ती मेहरबानी नाही, हक आहे. आबांनी कधी नाही म्हटलं असन तर सांगा. तुमी सांगान ते मी मानतो."

आबांच्या वेळचं सांगायला घरात ह्यांच्याशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता. एक शब्द खोटा बोलले असते तर संपलं असतं, आणि अकोल्याचं शिक्षणही ह्यांच्याच जिवावर होतं. ह्यांनी ओसरीचा खांब धरला. मग म्हणाले, "नाही. आबांनी कधी नाही म्हटलं नाही." आणि मळ्याकडे निघून गेले. भागाबाई आपला कापूस घेऊन घरी गेली. पुढे पेरणीपर्यंत हे भावाशी धड बोलले नाहीत. भाऊजींना त्याचं वाईट वाटे, पण मला म्हणत, "वहिनी, कायदा मी नाही सांगितला. दादांनी सांगितला. माह्यानं तेवढं झालं नसतं."

दिवाळीनंतर ते गाडीत बसले तेव्हा मी तिळाच्या चटणीचा डबा दिला. वाकून म्हणाले, "पास झालो की पहिला खटला अंड्याचा." गाडी वळली... तेच शेवटचं.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी शेताकडे पाहिलं तर सरव्याला कोणी आलं नव्हतं. ह्यांनी यंदा हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मी तडक भागाबाईच्या झोपडीवर गेले. ती म्हणाली, "आमच्यासाठी बोलणारं लेकरू गेलं, बाई. दुखात असलेल्या मालकाले अजून तरास काहून देऊ?" तिच्या तिघी सोबतिणीही तिथेच बसल्या होत्या. भाऊजींच्या पुस्तकात एक वाक्य आहे, मी स्वतः त्यांच्याकडून घोकून घेतलेलं: रूढी अखंड चालली पाहिजे, मध्ये तुटली की तिचा जोर जातो. मी म्हटलं, "यंदा गेल्या नाहीत, तर पुढल्या साली आमच्या घरचेच म्हणतील, मागल्या खेपेला कोणी आलं नव्हतं. आणि तेव्हा ते खरं असेल. उठा."

चौघी उठल्या. मी पुढे चालले. हे शेतात नव्हते. काम होतं म्हणून गेले की मुद्दाम गेले, मी विचारलं नाही. बाया कापसाच्या ओळींत उतरून पहिली बोंडं वेचेपर्यंत मी बांधावर उभी राहिले, आणि मग घरी येऊन उरलेला कापूस निवडायला बसले.